अर्धी गोळी, अख्खं गाव

१० फेब्रुवारीला सकाळी पैठण तालुक्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत डोकावलं, तर खिचडी वाढण्याच्या गडबडीत आणखी एक काम उरकायची घाई दिसते. ताई गोळीचे दोन तुकडे करतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यापुढच्या सगळ्यांना अख्खी, ४०० मिलिग्रॅम. बाळाची अर्धी गोळी दोन चमच्यांच्या मध्ये धरून चुरडायची, पूड पाण्यात कालवायची आणि आईच्या मांडीवरच पाजायची. मोठ्यांनी चावून खायची. मग ‘आ कर, जीभ वर कर’. गालात गोळी दाबून ठेवण्यात चार वर्षांची पोरंही तरबेज असतात, हे ताईंना कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवावं लागत नाही. गोळी खरोखर पोटात गेली की हजेरीपटावर नावापुढे बरोबरची एक खूण. त्या दिवशी जो आला नाही त्याला पुढच्या आठवड्यातल्या ‘मॉप-अप’ दिवशी गाठायचं, आणि त्याच्यापुढे दोन खुणा करायच्या. तापाने फणफणलेल्या किंवा दुसरं औषध चालू असलेल्या मुलाला तेवढं वगळायचं.

१० ऑगस्टला पुन्हा हेच. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५च्या फेब्रुवारीत अकरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला, आणि महाराष्ट्र त्या पहिल्या यादीत होता. पहिल्याच फेरीत जवळपास ९ कोटी मुलांना गोळी मिळाल्याची सरकारी नोंद आहे. एक ते एकोणीस वयाचा प्रत्येक जण यात धरलेला. अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, खासगी शाळा, आश्रमशाळा सगळ्या यात आल्या. शाळेचं नावच टाकलेली मुलं मात्र आशाताईंनी वस्तीवरून हुडकून आणायची. या कामाचा आशाताईंचा मोबदला केंद्राच्या यादीत फेरीमागे १०० रुपये लावलेला होता. बिडकीन, पाचोड, आडूळ, विहामांडवा अशा मोठ्या गावांत हे काम तासाभराचं. आडूळ-पाचोडकडच्या तांड्यांवर आणि शेतवस्त्यांवर त्यालाच दिवस जातो.

आणि दर फेरीला कुठली तरी आई तोच प्रश्न विचारते : माझ्या पोराला काही झालेलंच नाही, मग औषध कशाला?

प्रश्न अडाणीपणाचा नाही. डॉक्टरकडे आपण दुखलं म्हणून जातो. तो तपासतो, मग औषध देतो. इथे तपासणी नाही, तक्रार नाही, सरसकट वाटप आहे. सामुदायिक औषधोपचाराचं सगळं गणित या उलट्या पावलावर उभं आहे. जंत आहेत की नाहीत हे पक्कं कळायचं तर प्रत्येक मुलाची शौच तपासायला हवी : नमुना गोळा करायचा, काचपट्टीवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. तालुक्यातल्या हजारो मुलांसाठी हे करायला तंत्रज्ञ कुठून आणणार? आणि ही तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते. गोळी मात्र स्वस्त आहे, आणि ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला तिचा अपाय होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सरळ हिशेब घालून दिला. एखाद्या भागातल्या २० टक्क्यांहून जास्त मुलांत जंत सापडले तर सगळ्यांना वर्षातून एकदा औषध द्या, ५० टक्क्यांहून जास्त असतील तर दोनदा.

आपल्याकडे हे तत्त्व गावकऱ्याला परकं नाही. धनगर पावसाळ्याच्या तोंडावर कळपातल्या प्रत्येक मेंढीला जंताचं औषध पाजतो. एकेका मेंढीची लेंडी तपासत बसत नाही. बांबूच्या नळीतून गाय-बैलाला औषध पाजणारा शेतकरी ‘कुठल्या बैलाला जंत आहेत?’ असं विचारत नाही. गंमत म्हणजे अंगणवाडीतली ही गोळी, अल्बेंडाझोल, जन्मली तीच मुळी गुरामेंढरांसाठी. सत्तरच्या दशकात पशुवैद्यकात आली, माणसांपर्यंत पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आयव्हरमेक्टिनचं तसंच. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्यातलं औषध ओळखलं, ते आधी जनावरांत विकलं गेलं आणि १९८७ साली आफ्रिकेतल्या अंधत्व आणणाऱ्या कृमीसाठी कंपनीने फुकट द्यायला सुरुवात केली. दोघांना २०१५चं नोबेल मिळालं. पोस्टरवर हे कुणी छापत नाही. बहुधा ‘जनावराचं औषध’ म्हणून ओरड होईल या भीतीने.

गोळी येण्याआधी घराघरांत उपाय होतेच. पोर झोपेत दात खातंय, नाक खाजवतंय, भिंतीची माती चाटतंय म्हटलं की आजी वावडिंगाचं पाणी करायची. कुठे डाळिंबाच्या सालीचा काढा, कुठे बाळगुटीत एक वेढा जास्त. वावडिंग वैद्यांच्या यादीत कृमिघ्न म्हणून आजही आहे. पण आजीचा उपाय लक्षण दिसल्यावर, आणि तोही एकाच पोराला. शेजारच्या घरातल्या पोराच्या पोटातली अंडी परसातल्या मातीत पडतच राहायची.

मातीतच सगळी मेख आहे. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात, ओलसर मातीत काही आठवड्यांत पिकतात, आणि अनुकूल जागी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. नखाखालची माती, न धुतलेली काकडी, विहिरीकाठी पडलेलं बोर, कशावरूनही ती पोटात जातात. अंकुशकृमीला तोंडाचीही गरज नाही. त्याची अळी ओलसर मातीत उभी असते, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात, आणि गिळली की आतड्यात. तिथे दात रोवून ती रक्त पिते. जातीप्रमाणे एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. आकडा काही थेंबांचाच. पण शंभर कृमी पोटात घेऊन वर्षभर ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगातून किती रक्त जातं याचा हिशेब कुणीही करून पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सगळा दोष जंतांचा नाही; ताटातलं लोह, लवकरची लग्नं, पाठोपाठची बाळंतपणं ही कारणं मोठी आहेत. पण लोहाच्या निळ्या-गुलाबी गोळ्या वाटायच्या आणि रक्त पिणारा कृमी आत तसाच ठेवायचा, हे गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखं आहे.

म्हणून दोन्ही गोळ्या द्याव्यात, इथवर वाद नाही. वाद पुढे आहे, आणि तो आपल्याकडच्या बातम्यांत फारसा आला नाही.

केनियात बुसिया भागातल्या ७५ शाळांमध्ये मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिग्वेल यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक प्रयोग केला. काही शाळांना जंतनाशक आधी, काहींना नंतर. २००४ साली निष्कर्ष छापून आले : गैरहजेरी सुमारे पावपटीने घटली, आणि शेजारच्या ज्या शाळांना गोळी मिळालीच नव्हती तिथेही थोडा फायदा दिसला, कारण मातीत पडणारी अंडी कमी झाली. ‘इतक्या थोड्या पैशांत इतकं शिक्षण’ हे वाक्य जगभर फिरलं. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

त्याच काळात उत्तर प्रदेशात लखनौच्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७२ तालुकावजा ब्लॉकांतली तब्बल १० लाख बालकं घेतली. पाच वर्षं निम्म्या ब्लॉकांत दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल दिलं. या प्रयोगाचं नाव ‘देवता’. तपशील २०१३ साली प्रसिद्ध झाले. मृत्यू घटले नाहीत, वजन वाढलं नाही. फरक सांगण्याजोगा नव्हता. २०१५मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी केनियाची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तर तीतही चुका सापडल्या. गैरहजेरीचा परिणाम टिकतो की नाही यावरून मग जी खडाजंगी झाली तिला इंग्रजीत ‘जंतयुद्ध’ असं नाव पडलं. आपण त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या वाटायला लागलो होतो.

मला यातून गोळी थांबवावी असं वाटत नाही. जिथे मुलाच्या पोटात जंतांचा गुंता आहे तिथे औषधाचा फायदा डोळ्यांना दिसतो. जिथे मुळात थोडेच आहेत तिथे लाखो मुलांच्या सरासरीत तो विरून जातो. प्रश्न मोहिमेच्या भाषेचा आहे. ‘गोळी घ्या, बुद्धी वाढेल, हजेरी वाढेल’ असं पोस्टरवर छापणं म्हणजे गोळीच्या खांद्यावर न झेपणारं ओझं देणं. अल्बेंडाझोलचा एक डोस गोल जंताला बहुतेक वेळा संपवतो, अंकुशकृमीवर बऱ्यापैकी चालतो आणि चाबूककृमीपुढे बऱ्याचदा हरतो. शिवाय माती तीच राहिली तर वर्षाच्या आत गोल जंत जवळपास पूर्वीइतकेच परत येतात, हे जगभरच्या अनेक अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. तेव्हा वर्षातून दोनदा दिलेली गोळी म्हणजे घाणीवर भरलेला हप्ता आहे. हप्ता चुकवू नये, पण मुद्दल फिटतंय असं कुणाला सांगूही नये.

ग्रामीण महाराष्ट्र २०१८च्या एप्रिलमध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. पैठणचा विरोधाभास जरा जास्तच टोचणारा आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५मध्ये कोनशिला बसवलेलं आणि इंदिरा गांधींनी १९७६मध्ये लोकार्पण केलेलं जायकवाडी, सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, मराठवाड्याची तहान भागवणारा नाथसागर. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरच्या खेपांची वाट पाहणारी गावं. घरासमोर शौचालय असून त्यात ओतायला बादलीभर पाणी नसेल, तर माणूस डबा घेऊन बांधावरच जातो. सरकारी जाहीरनाम्यात तो मोजला जात नाही. जंताच्या अंड्याला त्याने फरक पडत नाही.

इतर काही जिल्ह्यांत हीच गोळी दुसऱ्या, जास्त गंभीर कामाला लागते. पैठणचा जिल्हा हत्तीरोगाच्या यादीत नाही, पण मराठवाड्यातले नांदेड, लातूर आणि पूर्वीचं उस्मानाबाद हे त्या यादीतले जिल्हे, आणि विदर्भाच्या पूर्वेकडचा जवळपास सगळा पट्टा. हत्तीरोगाचा जंत धाग्यासारखा असतो. लसीकावाहिन्यांत घर करून चार-सहा वर्षं जगतो आणि लाखोंनी सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडतो. घाण पाण्यातला क्युलेक्स डास ती एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेतो. पिल्लं रक्तात दिसतात ती रात्री. म्हणून आरोग्य सेवक रात्री साडेआठनंतर काचपट्ट्या घेऊन घरोघर जातात आणि झोपलेल्या माणसाला उठवून बोटाला सुई टोचतात. त्या वेळी दार उघडणाऱ्याच्या तोंडून काय काय ऐकावं लागतं ते त्यांनाच माहीत. पाय सुजून हत्तीसारखा होतो तो पुढे, पुष्कळ वर्षांनी. तोवर माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, लग्न करतो आणि दर रात्री डासांना पिल्लं पुरवतो.

या रोगाच्या औषधाचा जनक आपलाच. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या हाताखालच्या चमूतून १९४७च्या सुमारास डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे आजची ‘डीईसी’, बाहेर पडली. भारताने १९५५ साली हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, पण तो बराचसा शहरांपुरता आणि रुग्ण शोधून उपचार करण्याचा होता. गावच्या गावाला औषध द्यायची देशव्यापी मोहीम २००४ साली सुरू झाली. २००७पासून डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आलं. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी वगळता सगळ्यांनी वर्षातून एकदा, आणि उपाशीपोटी नाही. वयानुसार १००, २०० किंवा ३०० मिलिग्रॅम डीईसी. मोठ्या जंताला ते पुरतं मारत नाही, पण पिल्लं संपवतं. म्हणून मोठा जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत पाच-सहा वर्षं ओळीने रक्त साफ ठेवायचं. आणि एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर औषध घेतलं तरच साखळी तुटते.

‘खरोखर’ या शब्दापाशी मोहीम वीस वर्षं अडखळते आहे. घरोघर गोळ्या ठेवून जाणारा स्वयंसेवक ‘वाटप’ भरतो. गोळ्या देवळीत, फ्रिजवर, कॅलेंडरमागे पडून राहतात. ‘संध्याकाळी जेवून घेतो’ हे वाक्य या मोहिमेने जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नसेल. वाटपाचा आकडा ९० टक्के आणि घेणाऱ्यांचा त्याच्या निम्मा, ही दरी देशात अनेक जिल्ह्यांत पाहण्यांमधून समोर आली. मग नियम बदलला : गोळी कर्मचाऱ्याने डोळ्यांसमोर खायला लावायची, खाल्लेल्याच्या बोटाला शाईची खूण करायची, घराच्या भिंतीवर खडूने नोंद करायची.

पण डोळ्यांसमोर खायला लावणं म्हणजे विश्वास मागणं, आणि तो मागायची अडचण इथे दुप्पट आहे. ज्याच्या अंगात पिल्लं असतात त्यालाच गोळीनंतर ताप येतो, अंग दुखतं, डोकं जड होतं. पिल्लं मरताना शरीर तसं वागतं. म्हणजे ज्याला औषधाची खरी गरज होती त्याच्याच घरी दुसऱ्या दिवशी ‘गोळीने बाधलं’ अशी बोंब उठते, आणि ज्याला काही नव्हतं तो ठणठणीत असतो. हे आधी समजावून सांगितलं, तर तापच पुरावा ठरतो. न सांगता गोळी हातावर टेकवली, तर तो ताप पुढच्या वर्षीची सगळी गल्ली बंद करतो. समजवायला पाच मिनिटं लागतात. एका दिवसात पन्नास घरं करायची असतील तर पाच मिनिटं कुठून काढायची, हा प्रश्न मायक्रोप्लॅन करणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

२०१८-१९च्या हिवाळ्यात तिसरं औषध आलं. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकत्र दिलं तर मोठी मादी दीर्घकाळ पिल्लं घालत नाही, आणि पाच-सहाऐवजी दोन-तीन फेऱ्यांत भागू शकतं. देशातल्या ज्या पाच जिल्ह्यांत ही तिहेरी गोळी पहिल्यांदा वापरली त्यात नागपूर होतं. बाकीचे बिहारमधला अरवल, झारखंडमधला सिमडेगा, वाराणसी आणि कर्नाटकातला यादगीर. आयव्हरमेक्टिन वजनाप्रमाणे द्यायचं, पण गावोगाव वजनकाटा न्यायचा कसा म्हणून उंचीची रंगीत पट्टी भिंतीला टेकवतात आणि माणसाला तिच्यापुढे उभं करून गोळ्या मोजतात. आजोबांना शाळेतल्यासारखं ताठ उभं राहायला लावल्यावर घरात हशा पिकतो, आणि मोहिमेच्या दृष्टीने तो हशा मोलाचा असतो.

या रोगावर महाराष्ट्रात झालेलं काम फारसं कुणाला ठाऊक नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी अनेक दशकं हत्तीरोगाच्या निदानावर संशोधन केलं. रात्री सुई टोचायची वेळ येऊ नये, दुसऱ्या एखाद्या चाचणीतून जंताची चाहूल लागावी, ही त्यामागची धडपड. ते काम वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या माणसांच्या रक्तावर झालं.

उद्दिष्टं मात्र सरकत राहिली. २००२च्या आरोग्य धोरणाने २०१५ हे साल दिलं. ते गेलं. मग २०१७, मग २०२१. आता २०२७, जागतिक उद्दिष्टाच्या तीन वर्षं आधी. २०२३पासून हत्तीरोगाची मोहीमही १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनाच्या तारखांना जोडली गेली. शहाणपणाचा निर्णय आहे : तेच कर्मचारी, तेच पेट्यांचे ट्रक, त्याच बैठका. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना मात्र गोळीने पाय परत मिळत नाही. त्यांना हवा टब, मग, साबण, टॉवेल, मलम, रोज पाय धुवायची सवय. आणि अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया. मोहिमेच्या दिवशी फोटो गोळीचा निघतो. पाय धुवायचा टब वाटताना फोटोग्राफर सहसा नसतो.

अफवेचं मात्र सगळीकडे सारखंच असतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गोवंडीतल्या पालिका शाळेच्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि शाळेत दिलेल्या गोळ्यांनीच तो झाला अशी बातमी पसरली. काही तासांत आईबाप शेकडो मुलांना घेऊन राजावाडी आणि शताब्दी रुग्णालयांत धावले. बहुतेकांना तपासून घरी पाठवलं. ज्या आईला गोळी कसली, का दिली, कोण देणार हे आदल्या दिवशी कुणी सांगितलेलंच नव्हतं, तिने याहून वेगळं काय करायला हवं होतं? परवानगी विचारायची नाही, फक्त गोळी द्यायची, ही सवय सरकारी यंत्रणेला फार जुनी. उलट टोकालाही आपण जातो. २०२१च्या मे महिन्यात गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी कोरोना टाळण्यासाठी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस आयव्हरमेक्टिन द्यायची घोषणा केली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना ते फक्त प्रयोगांपुरतं वापरा असं सांगत होती. हत्तीरोगावर जी गोळी घ्यायला लोक आढेवेढे घेतात तीच त्या उन्हाळ्यात औषधांच्या दुकानांतून रांगा लावून नेली गेली.

आणि एक कृमी गोळीशिवायच गेला. नारू. मराठवाड्यातल्या सत्तरीपुढच्या माणसांना आठवण काढायला सांगा : पायावर फोड, त्यातून हातभर, कधी मीटरभर पांढरा दोरा, आणि तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढत बसलेला माणूस. ओढताना तुटला तर पाय सडायचा. नारूवर ना लस आली ना औषध. तो पाण्यातल्या सूक्ष्म पिसूतून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून बाहेर येतो. त्याचा अड्डा म्हणजे पायऱ्यांची विहीर, बारव, जिथे माणूस पाण्यात उतरून घागर भरतो. भारताने १९८३-८४मध्ये निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला : बारवा बंद करायच्या नाहीतर पायऱ्यांवर कठडा घालायचा, पाणी कापडाने गाळायचं, विहिरीत टेमेफॉस सोडायचं, हातपंप बसवायचा. शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २०००च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवलं. या कामात आपल्या शेजाऱ्याचा वाटा आहे. आज गावोगाव दिसणाऱ्या इंडिया मार्क-२ हातपंपाच्या पूर्वजांत जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने बनवलेला ‘जालना पंप’ आणि सोलापूरचा ‘सोलापूर पंप’ आहेत.

गोळी नव्हती म्हणून नारू गेला, असं मला म्हणायचं नाही. पण गोळी नव्हती म्हणून पाण्याकडे बघावंच लागलं, हे खरं आहे. जंताच्या बाबतीत गोळी आहे, स्वस्त आहे, आणि तालुक्याची टक्केवारी दुपारी चारपर्यंत वर कळवता येते. पैठणला ‘घाटी’चं, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे, शिकाऊ डॉक्टर तिथे येतात, खेडी हिंडतात. दर दोन-तीन वर्षांनी काही निवडक शाळांतल्या मुलांची शौचतपासणी करून जंत घटले की नाहीत हे मोजणं त्यांच्या हातातलं काम आहे. हत्तीरोगात अशी पाहणी नियमाने होते : सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बोटातलं रक्त तपासून संसर्ग थांबला का ते पाहतात, त्याशिवाय औषध बंद करत नाहीत. मातीतल्या जंतांच्या बाबतीत तालुक्याच्या पातळीवर आपण गोळ्या मोजतो. जंत मोजत नाही.

धरण आलं की रोग येतो, हा जगाचा अनुभव आहे. सेनेगलमध्ये १९८६ साली डियामा धरण झालं आणि दोनच वर्षांत कालव्याकाठच्या रिचर्ड-टोल शहरात गोगलगायीतून पसरणाऱ्या शिस्टोसोमा कृमीचा उद्रेक झाला. नाथसागराच्या कालव्यांनी तसं केलं नाही, कारण तो कृमी वाढवणारी आफ्रिकी गोगलगाय आपल्याकडे नाही. माणसातल्या शिस्टोसोमाचं भारतातलं एकमेव नावाजलेलं ठाणंही महाराष्ट्रातच सापडलं होतं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी ते शोधलं. लघवीतून रक्त जाणारी माणसं आणि गावच्या ओढ्यातली इवलीशी गोगलगाय यांचा धागा त्यांनी जुळवला. पुढे तिथला प्रादुर्भाव मावळला.

जायकवाडीने आणला तो ऊस. पैठणचा संत एकनाथ कारखाना, विहामांडव्याचा शरद कारखाना, आणि पलीकडे अहिल्यानगर, बीड, पश्चिम महाराष्ट्र. तांड्यांवरची आणि कोरडवाहू गावांतली माणसं दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन फडावर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. १० फेब्रुवारीला गळीत हंगाम ऐन भरात असतो. त्या दिवशी गावातल्या अंगणवाडीच्या यादीतली ही पोरं दोनशे किलोमीटरवर कुठल्या तरी कोपीत असतात. ओलसर सरीतून अनवाणी धावतात, शौचाला उसातच जातात, म्हणजे अंकुशकृमीला हवी तशी जागा आणि हवी तशी पावलं. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्यांना गोळी मिळते. सोबत गेलेल्यांच्या नावापुढे मूळ गावी ‘स्थलांतरित’ लिहिलं जातं आणि फडाच्या गावी त्यांचं नाव कुठल्याच पटावर नसतं. ऑगस्टच्या फेरीत ती सापडतात. दोनपैकी एक फेरी, आणि तीही नेमकी जास्त गरज असलेल्या मुलांना.

कारखान्याकडे मात्र ही माणसं नावानिशी असतात. कुठल्या मुकादमाची टोळी, टोळीत किती कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, कुठल्या गावच्या शिवारात कोप्या, कुठल्या दिवशी कुठला फड, हे सगळं शेतकी विभागाला रोज लागतं, नाहीतर गाडीअड्ड्यावर ऊस वेळेवर येत नाही. ती यादी जानेवारीच्या शेवटी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळायला हवी, आणि गोळी देण्याची वेळ पहाटे टोळी निघायच्या आधीची किंवा अंधार पडल्यावरची धरायला हवी.